तिसऱ्या दिवसाच्या आत

२६ ऑगस्ट २००२, सोमवार

प्रयोगाची वही वेगळी आहे. तिच्यात वजनं, वेळा, औषधाचे मिलिग्रॅम. त्या रकान्यांत न मावणारं काहीतरी आठवडाभर माझ्याबरोबर नारायणगाव-जुन्नर ये-जा करतंय, म्हणून ही दुसरी वही. ही कॉलेजच्या कपाटात राहील. घरी नेणार नाही.

आज चोवीस उंदीर आले. पांढरे, गुलाबी कानांचे. पुण्याहून टेम्पोने येताना घाबरून एकमेकांवर चढून बसले होते. झूऑलॉजीच्या लॅबमागच्या खोलीत त्यांचे पिंजरे लावले. आठ-आठचे तीन गट. पहिल्या गटाला काही करायचं नाही. दुसऱ्याला रोज दोन तास अरुंद पाईपमध्ये अडकवून ठेवायचं. तिसऱ्याला आधी औषध, मग पाईप. शेवटी तिन्ही गटांची हृदयं काढून बघायची, ताणाने काय बिघडलं आणि औषधाने काय वाचलं.

'काढून बघायची' हे किती सहज लिहिलं मी.

माझ्या गाईड डॉ. यशोधरा रोकडे मूळच्या जुन्नरच्याच, आता पुण्यात असतात. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "सिद्धी, तुमच्या घरी मुंगीसुद्धा मारत नाहीत. जमेल?" मी जमेल म्हटलं. घरी सांगितलंय की मायक्रोस्कोपखाली स्लाइड बघायच्या असतात. खोटं नाही, पण खरंही नाही.

पाईप हितेशने दिले. आमचं दुकान ठिबक सिंचनाच्या सामानाचं. त्याने स्वतः करवतीने तुकडे कापले, भोकं पाडली, कडा पॉलिश पेपरने घासून दिल्या. "हात कापायला नको कोणाचा," म्हणाला. कशासाठी ते विचारलं नाही. बायको बेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट करतेय याचंच त्याला कौतुक.

बाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, कळलं तर मात्र हे काम त्याच दिवशी संपेल. भाजी निवडताना अळी निघाली तर त्या ती पानासकट अंगणात नेऊन ठेवतात.

२९ ऑगस्ट, गुरुवार

पाईपमध्ये उंदीर पहिल्यांदा घातला तेव्हा तो आपणहून आत गेला. त्याला ते बीळ वाटलं. मागून झाकण लावल्यावर कळलं. मग उलटं फिरायची धडपड. फिरता येत नाही. दहा मिनिटांनी सगळे गप्प झाले. त्यांचं गप्प होणं धडपडीपेक्षा वाईट होतं.

प्राणिशाळा सांभाळणाऱ्या सरूबाई शेजारी उभ्या. "मॅडम, वतुरकडं बिबट्यासाठी पिंजरा लावलाय, त्यात शेळी ठिवत्यात. तुमी काय ठिवता? गाजर?"

"काही नाही ठेवत. ते तसेच जातात."

"मंग बिबट्यापरीस भोळं हायेत."

सरूबाईंनी विचारलं म्हणून सगळं समजावलं. भीती वाटली की शरीरात एक रस सुटतो, ॲड्रेनलिन. हृदयाच्या प्रत्येक पेशीवर त्याला ऐकणारे बारीक कान असतात. पुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात, रिसेप्टर. रस येऊन कानात ओरडतो, हृदय धावत सुटतं. थोडा वेळ धावलं तर जीव वाचतो. रोज, विनाकारण धावत राहिलं तर हृदयाचा स्नायूच झिजतो. तिसऱ्या गटाला दिलेलं औषध त्या कानांत कापसासारखं जाऊन बसतं. बाहेर ओरडा चालू, पण आत कमी ऐकू येतं.

"मला दिवा ह्यो कापूस," सरूबाई म्हणाल्या. "माजी सून दिसभर वरडती."

३ सप्टेंबर, मंगळवार

उद्यापासून पर्युषण. आठ दिवस माझ्याकडून हे होणार नाही. नियम म्हणून नाही, हातच उचलणार नाही. बाई पहाटे प्रतिक्रमण करणार, सगळ्या जिवांची क्षमा मागणार, आणि मी साडेनऊच्या जीपमध्ये बसून इकडे झाकणं लावायला येणार? नाही.

प्रयोग थांबवला तर मॅडम रागावतील. म्हणून मध्यम मार्ग काढला. पाईपमध्ये घालायचं काम सरूबाई करतील. त्या म्हणाल्या, "माज्या हाताला काय हुतंय? मी कोंबड्या कापती." औषध मात्र नळीने घशात सोडावं लागतं, ते त्यांना जमणार नाही. आठ दिवस औषध नाही मिळालं तर काय बिघडतंय? महिनाभराच्या प्रयोगात आठ दिवस.

सुट्टीचा अर्ज दिला. हलकं वाटलं.

७ सप्टेंबर, शनिवार

घरीच आहे, म्हणून पाठकोऱ्या कागदावर लिहितेय. घरी लिहिलेलं सगळं असंच नंतर वहीत चिकटवीन.

काल दुपारी सरूबाईंचा फोन. पीसीओवरून, ओरडून. माझ्या शेजारीच बाई माळ घेऊन बसलेल्या. आमचं ठरलं होतं की घरी फोन केला तर नाव घ्यायचं नाही. "मॅडम, तुमचं दोन पावणं गेलं!"

"कुठले?"

"तिसऱ्या खोलीतलं!"

आज पुन्हा फोन. आणखी तीन गेले. पाईपमध्येच. तिसरा गट म्हणजे औषधवाला गट. ज्यांनी सगळ्यांत जास्त टिकायचं, तेच. नुसते पाईपमध्ये जाणारे दुसऱ्या गटातले आठही ठणठणीत आहेत म्हणे. असं उलटं कसं?

फोन ठेवला तर बाई म्हणाल्या, "कोण पाहुणे गेले?"

"कॉलेजच्या गेस्टहाउसमधले. परीक्षक."

"पाच?"

मी हो म्हटलं. बाईंनी माळेचा मणी पुढे ढकलला.

११ सप्टेंबर, बुधवार

संवत्सरी. पर्युषणाचा शेवटचा, क्षमा मागायचा दिवस. संध्याकाळी बाईंच्या पाया पडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं. जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा. दरवर्षी त्या डोक्यावर हात ठेवतात आणि झालं. या वेळी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "अजून काही?" म्हणाल्या.

"काही नाही, बाई."

त्यांना उपासाने थकवा आला असेल. वय एकाहत्तर.

१४ सप्टेंबर, शनिवार

रोकडे मॅडम आल्या. मेलेल्यांच्या स्लाइड, उरलेल्या तिघांची नोंद, सगळं बघितलं. आवाज चढवला नाही. त्यापेक्षा चढवला असता तर बरं.

"औषध कोणी बंद केलं?"

"मी. पर्युषण होतं."

"आणि पाईप?"

"तो चालू होता. सरूबाईंकडे दिला होता."

त्या चष्मा काढून पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "सिद्धी, सुट्टी तुमच्या हातांनी घेतली. उंदरांना नाही मिळाली."

ही बॅच बाद. तिसऱ्या गटाच्या उरलेल्या तिघांची आणि तुलनेला पहिल्या गटातल्यांची हृदयं आज काढून बर्फात ठेवली, मोजणीसाठी पुण्याला जातील. केव्हातरी. मॅडम जाताना एवढंच म्हणाल्या, "फेकू नका काही. चुकीची बॅचसुद्धा काहीतरी सांगते."

जीपमध्ये चौघांच्या सीटवर पाचवी होऊन बसले होते. छातीत जळजळ. सकाळपासून नुसता चहा झालाय.

९ नोव्हेंबर, शनिवार, पुणे

हॉस्पिटलच्या बाकड्यावर. बाईंना काल झटका आला.

दिवाळीच्या आधीपासून त्या म्हणत होत्या पित्त झालंय. थंड दूध पीत होत्या. जिना चढताना मध्येच उभ्या राहून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायच्या. मी रोज हृदयावर काम करते आणि मला दिसलं नाही. थंड दूध मीच आणून देत होते.

आता धोका टळलाय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक बघून मी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या तिसऱ्या गटाच्या औषधाचंच भावंड. तेच काम, कानात कापूस.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एकच पथ्य. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. घरातल्या घरात मिटवा."

हितेशने माझ्याकडे बघून मान हलवली. त्याला वाटलं मी दुकानाच्या वाटणीवरून चाललेल्या भाऊबंदकीचा विचार करतेय.

मनाशी ठरवलं होतं की प्रबंध पूर्ण झाला की बाईंना सगळं सांगायचं. आता तेही नाही. आता कधीच नाही.

२ फेब्रुवारी २००३, रविवार

तीन महिने लिहिलं नाही. नवी बॅच सुरू आहे. या वेळी एकही दिवस चुकला नाही. रोज सकाळी बाईंना त्यांची गोळी तळहातावर देते, त्या पाण्याबरोबर घेतात. मग जीप, मग जुन्नर, मग आठ उंदरांना त्यांचं औषध. दोन्हीकडे तोच हात. घरी आल्यावर साबणाने कोपरापर्यंत धुते. बाईंनी मोरीत माझ्यासाठी एक वेगळी बादली ठेवलीय. "कॉलेजातली धूळ असते," म्हणाल्या.

आज त्यांच्या बहिणीला घेऊन लेण्याद्रीला जाणं झालं. बाई खाली बसल्या, पायऱ्या त्यांना मना. मावशी साठीच्या, टुणटुण वर गेल्या. मी तीन वेळा थांबले. कठड्याला टेकून कुकडीकडचे मळे बघत होते, छान दिसतात तिथून. डाव्या खांद्यात कळ होती. पर्स त्याच खांद्याला असते ना.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "एवढा वेळ?"

"फोटो काढत होतो."

"कॅमेरा तर माझ्याकडे आहे."

आम्ही सगळे हसलो.

३० जून, सोमवार

शेजारच्या गावात बिबट्याची मादी पिंजऱ्यात सापडली. जीप मुद्दाम थांबवून सगळे बघायला उतरले, मीही. ती गजांवर नाक घासत होती, रक्त निघेपर्यंत. एक जण म्हणाला, "लई माजलीय." ती माजलेली नव्हती. ती वळायला जागा शोधत होती.

जीपमध्ये परत चढले तेव्हा कपाळाला घाम. पाऊस ओढ देतोय, उकाडा फार. आता रोज झोपायच्या आधी थंड दूध घेते, त्याने बरं वाटतं.

९ ऑगस्ट, शनिवार

बाद बॅचची मोजणी आली. मॅडमनी गेल्या महिन्यात आठवणीने पुण्याच्या प्रयोगशाळेत लावून घेतली होती. आज फोनवर आकडे सांगितले, मी ते लिहून घेतले.

उरलेल्या तिघांच्या हृदयावरचे ग्राही पहिल्या गटाच्या जवळजवळ दीडपट होते. म्हणजे असं झालं. कानात कापूस बसला, पेशींना कमी ऐकू यायला लागलं, म्हणून त्यांनी आणखी कान उगवले. मग माझं पर्युषण आलं. कापूस एका दिवसात काढला. उघडे, वाढलेले कान, आणि पाईपमधला तोच ओरडा. तिसऱ्या दिवशी दोघं, चौथ्या दिवशी तिघं. मेलेल्यांच्या स्लाइडमध्ये स्नायूचे तंतू तुटलेले स्पष्ट दिसतात. बघायला मलाच धीर नव्हता.

मॅडम म्हणाल्या, "तीन उंदरांवरून सिद्धांत मांडू नका. पण हे नवीन नाही. ही औषधं अचानक बंद करू नयेत हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तुम्ही ते फक्त चुकून डोळ्यांनी बघितलंत."

म्हणजे त्यांना पाईपने मारलं नाही. मी ज्याला अहिंसा म्हटलं, त्याने मारलं.

१८ ऑगस्ट, सोमवार

बाईंनी आज जेवताना सांगितलं, या पर्युषणात अठाई करणार. आठ दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी. ते पण सूर्य असेपर्यंत.

हितेश म्हणाला, "बाई, मागच्या वर्षी झटका आलाय."

"म्हणूनच. पुढच्या वर्षी असेन की नाही कोण जाणे."

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

"उपास म्हणजे उपास, बिनणी," त्या म्हणाल्या. सुनेला त्या बिनणीच म्हणतात. "पाण्याखेरीज तोंडात काही नाही."

माझ्या हातातली वाटी कलंडली. ताक सगळ्या ताटात.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चार दिवसांत सगळे उंबरठे झिजवले.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अजिबात बंद करू नका, सांगा त्यांना. हितेशने सांगितलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर गेल्या वर्षी आडतवाल्या इंदरचंदजींनाही हेच म्हणाले होते. त्यांनी साखर असून अठाई केली. बसलेत की दुकानात, टोमॅटोच्या भावावर भांडत."

हितेशला म्हटलं, तू जोर दे. तो म्हणाला, "आईला उपास करू नको सांगू? माझ्या तोंडून नाही निघणार ते, सिद्धी."

आमच्या जैन स्थानकात चातुर्मासासाठी महासतीजी, म्हणजे साध्वी, आल्या आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, पच्चक्खाणात, म्हणजे व्रताच्या संकल्पात, आजारपणासाठी मोकळीक असते, त्या औषध घेऊ शकतात. बाईंना तेही सांगितलं. बाई हसल्या. "दार लावायचं आणि खिडकी उघडी ठेवायची, असा उपास मला नको. आणि मला एक सांग. सगळे म्हणतात घ्या, घ्या. काय होतं नाही घेतली तर? कोणी बघितलंय?"

मी बघितलंय.

म्हणजे आता असं आहे. सांगितलं नाही तर त्यांचा तिसरा दिवस येणार. सांगितलं तर धक्का, आणि धक्क्यापासून वाचवणारी एकच वस्तू त्यांनी बंद केलेली. मी कुठल्याही बाजूला वळू शकत नाही. वळायला जागाच ठेवलेली नाही मी.

आज वही पर्समध्ये घालून घरी आणली. कॉलेज आठ दिवस बंद राहणार नाही, पण मी जाणार नाही. या वेळी औषध आणि पाईप दोन्हींचे दिवस पंधरवड्यापूर्वीच संपलेत. पिंजऱ्यात फक्त पहिला गट आहे. सरूबाई त्यांना दाणे घालतील.

२५ ऑगस्ट, सोमवार

उपासाचा पहिला दिवस. गोळी नाही.

दुपारी बाई स्थानकात गेल्या होत्या. मी गोळी खलात कुटली. अगदी बारीक, चिमूटभर पांढरी पूड. त्यांच्या उकळलेल्या पाण्याच्या तांब्यात टाकली असती तर विरघळली असती, चवही कळली नसती. झाकण उघडून किती वेळ उभी होते कोण जाणे. उंदरांच्या घशात नळी घालताना मी त्यांना विचारत नाही. बाईंनाही विचारायचं नाही का?

पूड मोरीत सोडली. खल तीनदा धुतला.

छातीवर काहीतरी बसल्यासारखं. हे पित्त आता पाठ सोडत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

दुसरा दिवस. सकाळी बाईंचा चेहरा सुकलेला, पण डोळे लखलखीत. मी मनगट धरून नाडी बघितली तर हात काढून घेतला. "सतत काय ती नाडी. गाय विकत घ्यायचीय का?" पण मला मोजायला मिळाली होती. रोजच्या चौसष्टच्या जागी शहाण्णव.

उद्या तिसरा दिवस.

अकरा वाजता हितेश दुकानात गेला. मी दार लोटलं आणि बाईंच्या पलंगापाशी जमिनीवर बसले.

"बाई, गेल्या वर्षी मी फोनवर परीक्षक गेले म्हटलं, ते परीक्षक नव्हते."

"मग?"

"उंदीर होते. पाच."

एकदा सुरू केलं आणि थांबता आलं नाही. पाईप, झाकण, नळी, हृदयं काढणं. काळजाला कान असतात ते. तुमची गोळी आणि त्यांचं औषध एकाच घरातलं ते. मी पर्युषण पाळायला औषध थांबवलं, पाईप दुसऱ्याच्या हाती दिला, आणि तिसऱ्या दिवशी दोघं गेले ते. "तुम्ही विचारलंत ना, कोणी बघितलंय. मी बघितलंय. उद्या तुमचा तिसरा आहे."

बोलताना माझी नजर त्यांच्या गळ्यावर होती, तिथली शीर उडताना दिसते का. उडत होती. एका लयीत.

बाईंनी उशाची माळ उचलून मांडीवर ठेवली. मग विचारलं, "एकूण किती?"

"शहात्तर. सगळ्या बॅचचे मिळून, आत्तापर्यंत."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मला वाटलं झालं, आता काहीतरी होणार. मी उठून फोनकडे जायला लागले.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "मला काही होत नाही. वास मला पहिल्या दिवशीच आला होता."

"कसला?"

"जिवांचा. लाकडाच्या भुशाचा आणि मुताचा. दूध नासायच्या आधी मला वास येतो, हा येणार नाही? बादली काय धुळीसाठी ठेवली होती? तू तिथे जीव ठेवतेस हे मला ठाऊक होतं. मारतेस हे माहीत नव्हतं. वाटायचं, मारत असेल. मग वाटायचं, नसेल. गेल्या संवत्सरीला तुझे हात धरले. म्हटलं, आज सांगेल. तू म्हणालीस, काही नाही."

मला तोंड वर करवेना. वर्षभर मी जो धक्का त्यांच्यापासून लपवून ठेवला, तो माझ्याकडून येईल म्हणून त्या रोज तयार होऊन बसत होत्या.

"डॉक्टर म्हणाले होते, धक्का..."

"डॉक्टरांनी सांगितलेलं खरंच असेल. पण रोज थोडंथोडं कळणं आणि न कळणं, हा काय धक्का नसतो? त्याला तुझ्या पुस्तकात काय म्हणतात?"

मी त्यांच्या पायांवरची चादर सरळ केली.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हितेशला पाईपचं सांगू नकोस. त्याने प्रेमाने घासून दिलेत."

२७ ऑगस्ट, बुधवार

तिसरा दिवस.

सकाळी बाई पाटावर बसल्या आणि मुगाचं पाणी मागितलं. हितेश बघतच राहिला. "दोन उपास झाले," त्या म्हणाल्या, "बेला झाला. एवढंच होतं माझ्या नशिबात."

मी गोळी घेऊन गेले, तळहातावर, रोजच्यासारखी. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग सावकाश उठून कपाटातून डबी काढली, आपल्या हाताने दुसरी गोळी काढली आणि गिळली.

"त्या पाच जणांचं ऐकलं मी," म्हणाल्या. "तुझं नाही."

माझ्या हातावरची गोळी घामाने विरघळायला लागली होती.

१ सप्टेंबर, सोमवार

संवत्सरी.

डॉक्टरांनी बाईंना परवा तपासलं, सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, वेळेवर सुरू केलीत. पाच दिवस बाई माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. गोळी स्वतःच्या हाताने घेतात. काल मी प्रबंधाचं विचारलं. म्हणाल्या, "हो मी म्हणणार नाही. नको म्हणायला गेले तर उद्या ही गोळी कुठल्या तोंडाने घेऊ? तू तुझं बघ. फक्त खोटं बोलून जाऊ नकोस."

आज संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर सगळे एकमेकांची क्षमा मागत होते. मी बाईंच्या पायांशी वाकले. 'मिच्छामि दुक्कडम्' तोंडातून पूर्ण निघालं नाही. मनात शहात्तर एकामागून एक येत होते, आणि ते पाच सगळ्यांत शेवटी.

बाईंनी डोक्यावर हात ठेवला. मग स्वतः हात जोडले आणि मला म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्. मी विचारायला हवं होतं. नुसती बादली ठेवली."

मी उठायला गेले तर उठता येईना. एका हाताने पलंगाची कड धरली, दुसरा आपोआप छातीवर गेला. क्षणभरच. गर्दी होती, उकाडा होता.

बाईंनी हात तिथेच पकडला.

"हे कधीपासून?"

"काय?"

"हा हात इथे जातो तो. फेब्रुवारीत लेण्याद्रीला खालून बघत होते मी. तीनदा थांबलीस. मावशी वर पोचून परत आली तरी तू मध्येच. रोज थंड दूध पितेस. वाटी हातातून पडते. जिन्यात उभी राहून कॅलेंडर वाचतेस. जानेवारीचं पान आहे त्यावर, अजून."

"पित्त आहे, बाई."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं अळीला बघतात, पानासकट उचलायच्या आधी.

"दिवाळीत मीही हेच म्हणत होते," म्हणाल्या. मग वळून हाक मारली, "हितेश, गाडी काढ. हिला दवाखान्यात न्यायचंय. उद्या नाही, आत्ता."

हितेश किल्ली शोधतोय. मी पायऱ्यांवर बसून हे लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येतंय. बाई शेजारी उभ्या आहेत, मी काय लिहितेय ते वरून बघताहेत, आणि मी वही झाकत नाहीये. आत्ता त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं वही मागताहेत. नाही. उठवायला.